उंब्रजच्या वळणाची साक्ष

देव कोर्टाची पायरी चढतो का, हा प्रश्न मला त्या वर्षी पहिल्यांदा पडला. आम्ही जत तालुक्यातले. घरात बिरोबाची भक्ती पूर्वापार. वडील मेंढरं राखायचे, मी ट्रक चालवायला लागलो. कुपवाडहून माल भरून निघताना स्टेअरिंगला हात लावायच्या आधी त्याचं नाव घ्यायचो. तरीही माझ्यावर खटला झाला, तेव्हा मनात आलं, माझं कुणी ऐकतच नव्हतं की काय?

घडलं ते असं. उंब्रजजवळ महामार्गाचं काम चालू होतं. झेंडी घेऊन उभ्या असलेल्या कामगाराने आमची बाजू अडवून ठेवली आणि मग मला समोरच्या बाजूच्या रस्त्यावर वळवलं. थोडं पुढे गेलो तर पोलिसांनी गाडी थांबवली. तिथून झेंडीवाला दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त उलट दिशेने येणारा माझा ट्रक. माझ्या विनवणीवरून हवालदार मागे येऊन बघून गेले, पण तोवर आमची बाजू मोकळी झाली होती आणि झेंडीवालाही निघून गेला होता. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. त्यांच्यावर माझा राग नाही.

कोर्टात जो तो म्हणे, गुन्हा कबूल कर आणि मोकळा हो. ट्रकच्या मालकांचंही तेच म्हणणं. पण तसं केलं तर लायसन्स निलंबित व्हायची भीती होती, आणि गाडीशिवाय मला दुसरं काही येत नाही. शिवाय जे केलं नाही ते केलं म्हणायला जीभ रेटत नव्हती. माझ्या वकीलबाई वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. "तुम्ही कबूल होऊ नका, मी लढते," त्या म्हणाल्या. "पण बघणारं कुणीतरी पाहिजे. नुसत्या तुमच्या शब्दावर भागणार नाही."

मग कराडच्या कोर्टातली तारीख झाली की मी पुढे उंब्रजला जायचो. चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, पेट्रोलपंप, सगळीकडे विचारलं. कामगारांची टोळी दुसऱ्याच कामावर गेली होती, कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं. हात हलवत घरी आलो की बायको म्हणायची, "खरं हाय न्हवं? मग ताठ उभं ऱ्हावा." एकदा तिला घेऊन आरेवाडीला बिरोबाच्या दर्शनाला गेलो. हात जोडून म्हणालो, देवा, शोधायचं मी थांबवणार नाही आणि खोटं बोलणार नाही. एवढं माझ्या हातात आहे. पुढचं तुझं. बाहेर आलो तेव्हा काहीच बदललं नव्हतं, पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलबाईंना मी सगळी हकिगत पुन्हा सांगत होतो. शेजारी बाकावर शिराळ्याकडची एक म्हातारी बसली होती, कराडकडच्या माहेरच्या भावकीच्या वादासाठी आलेली. ती मधेच माझ्याकडे वळली.

"आवं, तुमच्या गाडीच्या मागं बिरोबाच्या नावानं चांगभलं असं लिवलंय का?"

"व्हय. तुमाला कसं ठावं?"

"आमची एसटी तुमच्या मागंच हुती की! माझी लेक बाळंतपणासाठी साताऱ्याच्या दवाखान्यात, माझा जीव नुसता वरखाली. त्या झेंडीवाल्यानं लय येळ थांबवलं. म्होरं तुमच्या गाडीवरचं तेवढं नाव दिसत हुतं, तेच घोकत बसले. मग त्यानं तुमाला पल्याडच्या रस्त्यावर घातलं. तवर कुणीतरी त्याला हाक मारली, तशी आमची बाजूच खुली केली. आमी सरळ गेलो."

वकीलबाईंनी विचारलं, "आजी, दिवस नक्की तोच का?"

"नातू झाला त्यो दिस. इसरंन कशी?"

साक्ष द्याल का, असं विचारायचं मला धाडस होईना. तीच म्हणाली, "सांगीन की. बघितलंय न्हवं."

साक्षीच्या दिवशी मात्र तिचा पत्ता नव्हता. आमचा पुकारा जवळ आला. कुणीतरी पुन्हा कानाशी लागलं, अजून वेळ आहे, कबूल हो. मी म्हणालो, "न्हाई. एकटा उभा ऱ्हाईन." आणि नाव पुकारलं जात असतानाच ती धापा टाकत जिना चढून आली. एसटी वाटेत बंद पडली, तर दुधाच्या टेम्पोत बसून ती आली होती. सरकारी वकिलांनी विचारलं, या माणसाला कधीपासून ओळखता? ती म्हणाली, "मी गाडी वळकते. मानूस हितंच भेटला." न्यायाधीश साहेबही क्षणभर हसले.

मी निर्दोष सुटलो.

त्या एसटीत तीच कशी होती, आणि त्या बाकावर तीच कशी बसली, याचा हिशेब मी लावत नाही. आपलं काम शेवटपर्यंत करायचं आणि उरलेलं सोपवून द्यायचं, एवढं मला कळलं. सोपवून देणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, हेही कळलं.

निकालानंतर बायकोला घेऊन त्या आजींच्या गावी गेलो. पाया पडलो तर म्हणाल्या, "खुळा हाईस का रं?" आणि नातू माझ्या मांडीवर दिला. बिरोबासाठी बरोबर नेलेला भंडारा मी आधी त्याच्या कपाळाला लावला. आरेवाडीला नंतर गेलो.