राउंडच्या आधीचा पट्टा

मानेची नस दबली म्हणून मी सोलापुरात ॲडमिट होतो. वॉर्डातल्या सिस्टरांचीही तीच नस दबलेली. उजव्या हाताला मुंग्या, म्हणून सलाईन डाव्या हाताने अडकवायच्या. मानेचा पट्टा मात्र राउंडच्या आधी काढून ड्रॉवरमध्ये टाकायच्या. नर्सच्या गळ्यात पट्टा बघून पेशंट घाबरतात, असा मोठ्या डॉक्टरांचा दयाळू शोध होता.

"दुखत नाही का?" मी विचारलं.

"दुखतंय की. पण मीच आडवी झाले तर तुमाला उठवायचं कुनी?"

राउंडला डॉक्टर मला म्हणाले, "काका, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही हं." मग त्यांच्याकडे वळले. "सिस्टर, यांना जरा उचलून बसवा."

ओठ दाबून त्यांनी माझा नव्वद किलोंचा ऐवज उचलून बसवला.

डॉक्टर खूश झाले. "शाब्बास काका! फरक पडतोय."