निळ्या काठाची बशी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बाईसाहेब गेल्या, त्यांना नाही. रोज देवापुढे बसते, त्यालाही नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, मी माझ्या तोंडाने सांगितलेलं नाही. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका. पण मध्येच ‘अरेरे’ करायचं नाही. मला ते बिलकुल खपत नाही.

धारमध्ये कुणालाही विचारा, विलायतेच्या काकू कुठे राहतात. घरापर्यंत आणून सोडतील. समुद्र ओलांडून गेली, साहेबाच्या मुलखात तीन महिने राहिली आणि सोवळं एक दिवस मोडलं नाही, अशी ही बाई! देवासला टेकडीवरच्या देवीचा नैवेद्य असला की माझ्यासाठी गाडी येते. नव्या सुना पाया पडतात. बोडक्या विधवेच्या पाया! मीही पाय पुढे करते.

मी चौदाव्या वर्षी विधवा झाले आणि सोळाव्या वर्षी आमच्या सरदारांच्या स्वयंपाकघरात लागले. तेही ब्राह्मण, जहागीरदार. नाव मी सांगणार नाही. दुसऱ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवणं, सोवळ्यातला स्वयंपाक, स्वतः एकभुक्त. अशी सोळा वर्षं गेली. मग सरदारांचे डोळे अधू झाले, आणि विलायतेत एक डॉक्टर आहे असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं. सरदारांच्या बाईसाहेब म्हणाल्या, मीही येणार. झालं! शास्त्रीमंडळी चार दिवस वाद घालत बसली. शेवटी ठरलं की धान्य धारचं न्यायचं, पाणी नर्मदेचं न्यायचं, सोवळ्याची बाई आणि पाणक्या ब्राह्मण बरोबर न्यायचा. परत आल्यावर साधं प्रायश्चित्त. मात्र परक्याच्या हातचं कुणी खाल्लं, तर त्याला पंगत बंद.

सोवळ्याची बाई मी. आणि पाणक्या — गोविंदभट.

हे नाव घ्यायला मला बघा किती वेळ लागला.

चाळिशीचा माणूस, बायको गेलेली, एकच मुलगी, द्वारकी. देवासच्या एका बऱ्या घरात तिचं लग्न ठरलेलं, सुपारी फुटलेली. विलायतेहून आलो की सरदार ते लग्न करून देणार होते, म्हणून तर तो भित्रा माणूस समुद्रावर यायला तयार झाला. खलघाटला स्वतः जाऊन गोविंदभटांनी नर्मदेचे सोळा हंडे भरले, तोंडं लाखेने बंद केली. मला काकू म्हणायचे. मी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान होते. पण विधवेचं आलवण नेसलेल्या बाईला वय कुठलं?

मुंबईला आगबोट पाहिली. एवढं मोठं धूड, आणि त्यावर म्हणे माणसं राहतात! पण आत गेले मात्र — काय सांगू तुम्हाला. पायाखाली गालिचा. भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा. ना तेल, ना वात. नळ फिरवला की कढत पाणी, समुद्राचं. पहिल्या दिवशी मी नुसती त्या नळाखाली हात धरून उभी राहिले, भाजेपर्यंत. सोळा वर्षं मी फुंकणी फुंकून लोकांचं पाणी तापवलं होतं, आणि इथे कुणी फुंकतच नव्हतं. दुपारी बँड वाजला तेव्हा मला वाटलं, बोटीवर कुणाचं लग्न आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला. जेवताना वाजवतात, म्हणाले. रोज! आणि जेवणाची रोज नवी पत्रिका छापतात. आमच्याकडे मुंजीलासुद्धा छापत नसत. गोऱ्या बायका डेकवर लांब खुर्च्या टाकून बसत. काय करत? काही नाही. मी मोजून तासभर पाहिलं, एकीनेही हात हलवला नाही. बाई गं, मला त्यांचा राग आला, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा राग नाही, मला तिथे बसायचं आहे.

जिन्यापाशी एक आरसा होता, पुरुषभर उंच. एवढा आरसा मी जन्मात पाहिला नव्हता. वळले आणि समोर एक बाई — तांबडं लुगडं, डोक्यावर पदर घट्ट. मी बाजूला झाले तिला वाट द्यायला. तीही झाली. अठरा वर्षांत मी स्वतःला अख्खी पाहिली नव्हती. नाक चांगलं होतं हो माझं! मी तिथे उभी राहून रडले आणि मग गेले खाली दशम्या करायला.

आणखी एक. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा साहेब समोरून आला आणि मला पाहून त्याने टोपी काढली. धारला मला समोर पाहून लोक मागे फिरत. गावाला निघालेले तर घरात जाऊन पाणी पिऊन पुन्हा निघत. हा टोपी काढून बाजूला उभा! कुणालाच तिथे ठाऊक नव्हतं की मी अपशकुनी आहे. तुम्हीच सांगा, त्या दिवसापासून मी तीच बाई कशी राहणार?

तर — खाल्लं. हो, मी खाल्लं.

आम्हाला बोटीच्या मागच्या बाजूला एक खोपटं दिलं होतं, शेगडीपुरतं. शेजारी बोटीचा फराळाचा कोठा. तिथे पेद्रू म्हणून एक गोव्याचा बटलर होता, किरिस्ताव, मोडकं मराठी बोलायचा. एके दिवशी दुपारी चहाच्या वेळी त्याने निळ्या काठाच्या बशीत काहीतरी पांढरं, थंडगार आणलं आणि म्हणाला, “घे गो बाय, दूधच आसा.” तुम्ही म्हणाल, उपाशी असाल, नड असेल. खामखा माझ्यावर दया करू नका. दशम्यांचा डबा भरलेला होता. भूक नव्हती. मला हवं होतं. तोंडात घातलं आणि दात शिरशिरले, आणि मी हसले — अशी मोठ्याने, की पेद्रू दचकला. मग रोज. केक, बिस्किटं, लोणी लावलेला पाव. केकात अंडं असतं हे मला चार दिवसांनी कळलं. पाचव्या दिवशीही खाल्ला. आणि लांब खुर्चीवर बसून खाल्ला, पाय वर घेऊन. याचं मला आजही काही वाटत नाही. आज कुणी आणून दिलं तर आज खाईन.

म्हणजे कबूल करायचं होतं ते हे नव्हे.

गोविंदभटांना बोट लागली. पहिल्या दिवसापासून. शेगडीचा वास आला की पोटात ढवळायचं. माझ्या हातचा भात त्यांनी वीस दिवसांत चारदा खाल्ला असेल. नर्मदेचं पाणी आणि अर्धी दशमी, कधी तीही नाही. गालांची हाडं वर आली. पेद्रूने त्यांनाही एकदा विचारलं होतं, त्यांनी हात जोडले. आणि हंड्यांपाशी बसून राहायचे, लाख तपासत. द्वारकीच्या सासरकडचे विचारतील ना, म्हणायचे.

त्यांनी मला पाहिलं. खोपट्यात आले आणि माझ्या हातात बशी. आता हा ओरडणार, बाईसाहेबांकडे जाणार! ते दाराकडे वळून उभे राहिले आणि म्हणाले, “काकू, तोंड पुसा. साखर लागली आहे.” एवढंच. पुढे कधी विषय नाही.

मग एका दुपारी सरदारांचे कारभारी आमचं खोपटं बघायला येत होते. आवाज आला. माझी बशी तिथेच, पत्रावळींच्या गठ्ठ्यावर, केकाचे कण चिकटलेले. गोविंदभटांनी बशी उचलली — ज्या माणसाने आयुष्यात चिनीमातीला बोट लावलं नव्हतं त्याने — उपरण्याखाली घातली आणि बाहेर पडले. पेद्रूच्या दारात कारभारी त्यांना सामोरे आले. उपरणं सरकलं. मी आतून पाहत होते. कारभाऱ्यांनी बशीकडे पाहिलं, गोविंदभटांकडे पाहिलं. गोविंदभट म्हणाले, वाटेत पडली होती, देऊन येतो. पुढे जाऊन आंघोळ केली त्यांनी, त्या थंडीत, दोनदा.

सरदारांचे डोळे काही सुधारले नाहीत. आम्ही परत आलो. धारला शास्त्र्यांपुढे सगळ्यांना बसवलं. पंचगव्य, मंत्र, सगळं सुरळीत चाललं होतं आणि कारभारी उठले. पाणक्याच्या हातात साहेबांची उष्टी बशी होती, म्हणाले, मी डोळ्यांनी पाहिली. देवासहून द्वारकीचे होणारे सासरे मुद्दाम आले होते, पुढेच बसले होते. शास्त्रीबुवांनी गोविंदभटांना विचारलं. त्यांनी सांगितलं, मी खाल्लं नाही. मग बशी कुणाची? ते गप्प.

आणि मग मला बोलावलं. स्वयंपाक माझा, सोवळं माझं, तेव्हा साक्ष माझी. नर्मदेच्या पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, वर हात ठेवायला लावला. शास्त्रीबुवा म्हणाले, “बशी कुणाची ते तुम्हाला ठाऊक आहे?”

मी म्हणाले, “मला ठाऊक नाही.”

तेवढ्यावर थांबले असते तरी — नाही. थांबले नाही. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी पुढे म्हणाले, “पण ते माझ्या चुलीवरचं रोज जेवत नसत.”

यात शब्दही खोटा नव्हता, बघा! नव्हतेच जेवत. बोट लागली होती त्यांना, हे सभेतल्या कुणाला ठाऊक? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी नेमकं काय बोलते आहे ते मला बोलताना पुरतं कळत होतं. भीतीने सुचलं म्हणू? भीतीने माणूस गप्प बसतो. मी तर नीट, स्वच्छ आवाजात बोलले. मला खुर्चीवर बसायचं होतं आणि इथे परतून लोकांकडून पाया पडूनही घ्यायचं होतं. दोन्ही हवं होतं.

गोविंदभटांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. अजून वाट बघत असल्यासारखं. मग खाली पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी बुडाले असते. नाही उघडलं.

त्यांची पंगत बंद झाली. त्यांच्या हातचं पाणी कोण पिणार? पाणक्याचं दुसरं काय असतं? सरदारांनी हात झटकले. देवासकरांनी लग्न मोडलं. गोविंदभट मुलीला घेऊन सरदारपूरला गेले, तिथल्या बाजारात धान्याच्या आडतीवर गोण्या शिवू लागले. द्वारकी पुढे बागलीला दिली — बिजवराला, तीन मुलांच्या बापाला. देवासच्या त्या मुलाचं लग्न दुसरीकडे ठरलं आणि जेवणाला सोवळ्यातली बाई हवी म्हणून गाडी आली, माझ्याकडे. मी गेले. चारशे पुरणपोळ्या लाटल्या. चांगल्या झाल्या होत्या, सगळे म्हणाले.

बावीस वर्षं झाली याला. मागच्या चैत्रात गोविंदभट वारले. आणि आषाढात मी नैवेद्याला देवासला होते, तिथे एक बाई आली, बरोबर वयात आलेली मुलगी. मुलीचं लग्न ठरलं आहे, म्हणाली, विलायतेच्या काकूंचा आशीर्वाद हवा. चेहरा पाहिला आणि ओळखली. तीच गालांची हाडं.

मुलीला बाहेर धाडून ती माझ्या पायाशी बसली. म्हणाली, “काकू, बाबांनी खरंच खाल्लं होतं का हो? खाल्लं असलं तरी मला काही नाही. नुसतं कळू दे. त्यांना विचारलं की म्हणायचे, काकूंना विचार.”

आता बघा. सरदार नाहीत, बाईसाहेब नाहीत, ते शास्त्री नाहीत, कारभारी नाहीत. मला वाळीत टाकायला आता कोण उरलंय? आणि टाकलं तरी कितीसे दिवस? घरात आम्ही दोघीच होतो. तिच्या कानात सांगायचं, दोन शब्द.

मी म्हणाले, “मला ठाऊक नाही, बाळ.”

तिने मान हलवली. मुलीला हाक मारली, दोघींनी पाया पडून माझ्या हातचं पाणी घेतलं. द्वारकीने आधी ते डोळ्यांना लावलं, मग प्यायली.

पहिलं खोटं भीतीचं होतं म्हणा हवं तर. हे कशाचं? त्याला मी नाव ठेवत बसत नाही. देवासहून बागलीला आता मोटार जाते. माझे पाय धड आहेत. गेले नाही.

ती बशी माझी होती. गोविंदभटांनी त्या बोटीवर परक्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आता तुम्हाला ठाऊक झालं. द्वारकीला अजून नाही.