एवढंच बघ गं

शेजारच्या सुमनकाकूंच्या लेकीच्या नर्सिंग प्रवेशाचा शेवटचा दिवस होता आणि काकू माझ्या लॅपटॉपवर अर्ज भरता भरता थांबल्या. पानाच्या माथ्यावर लाल अक्षरं आली होती, ‘अवैध क्रमांक’.

“अवैध?” काकू दचकल्या. “अगं, माझाच मोबाइल नंबर आहे. चोरीचा नाही!”

नंबर बरोबरच होता. फक्त तो त्यांनी मराठी आकड्यांत लिहिला होता, शाळेत शिकल्या तसा. कॉलेजच्या वेबसाइटवरचं ते पान बनवण्याचं काम माझंच, त्यामुळे मला हसू आलं आणि लगेच थांबलंही. काकूंचा हात कीबोर्डवरून मांडीवर गेला होता. “जाऊ दे, आमचं काय खरं नाही,” असं त्या शेजारी बसलेल्या लेकीला सांगत होत्या.

मला चौथीतल्या आमच्या बाई आठवल्या. चुकलेल्या अक्षराखाली त्या पेन्सिलीने बारीक रेघ ओढत आणि हळूच म्हणत, “एवढंच बघ गं. बाकी छान आहे.” घरात पहिली पदवी माझी. ती अशा बारीक रेघांवरूनच चालत आली.

मी तिथेच बसून ती ओळ माथ्यावरून काढली, नंबरच्या रकान्याखाली आणली आणि लिहिलं, ‘एवढे आकडे इंग्रजीत लिहा. बाकी सगळं बरोबर आहे.’

काकूंनी ते मोठ्याने वाचलं. मग एकेक आकडा दाबत अर्ज पाठवला आणि मला विचारलं,

“ही आतली बाई बदलली का गं? आधीची फार खेकसायची.”