बिनशिवीचा साहेब

दूध संघात माझ्या शेजारच्या टेबलावरचा सुपरवायझर शिवीशिवाय कुणाला हाक मारत नसे, आणि ती खाऊन माणसं खुशीत राबत. मग राजारामपुरीत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्यानं माणसं कशी सांभाळावीत याची पदवी मिळवली. केबिन मिळाली आणि जिभेला लगाम लागला.

एकदा शिपायानं त्याच्या कागदांवर चहा सांडला. “असू द्या, आपण जा,” तो शांतपणे म्हणाला.

शिपाई रडवेला होऊन माझ्याकडं आला. “माझं आता काय खरं न्हाय. साहेब मला आपण म्हणालं!”

मी केबिनमध्ये गेलो. “साहेब, त्याला एक शिवी तरी घाला की.”

त्यानं चहानं भिजलेले कागद बाजूला सारले.

“घालतो की. पण मला कोण घालणार? आता तूबी साहेबच म्हणतोयस.”