मंगळाचा माणूस, भाग दुसरा

समुद्रकाठच्या मैदानात तंबू लावून सिनेमा दाखवायचा म्हणजे वाळू कुठं कुठं जाते ते विचारू नका. मशिनीत जाते, चहात जाते, हिरोच्या तोंडावरही दिसते. हंगाम संपून तंबू उठला की मैदानावर खुंट्यांची भोकं उरायची आणि आमच्याकडे किस्से. भोकं पोरांना विटीदांडूला उपयोगी पडायची. किस्से कुणाच्याच उपयोगाचे नव्हते, म्हणून ते अजून आहेत.

मुरुडला आमची टूरिंग टॉकीज होती. मालक बापूशेठ, मशीन चालवणारा सदू, तिकिटाच्या खिडकीत दत्तूकाका आणि चौथा मी. मी मॅट्रिक. इंग्रजी सिनेमा आला की माइक घेऊन बसायचं आणि पडद्यावर काय चाललंय ते मराठीत सांगायचं, हे माझं काम. मला इंग्रजी कळतं असा गावाचा समज होता. मी तो मोडला नाही.

माणूस आभाळात जाऊन परत आल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. बापूशेठनी मुंबईहून एक इंग्रजी सिनेमा आणला. परग्रहावरचा एक जीव पृथ्वीवर अडकतो, त्याचं विमान मोडतं, लष्कर मागे लागतं आणि तो लपतछपत, मारामाऱ्या करत जगतो, अशी भानगड होती. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना. मग पेंटरने कापडी बोर्डावर लिहिलं, 'मंगळाचा माणूस'. फिल्मच्या डब्यावर होतं म्हणून खाली लिहिलं, 'भाग दुसरा'.

आता इथंच एक अडचण होती. आमच्या दत्तूकाकांच्या कुसुमला मंगळ होता. सातव्या घरात, चांगला ठसठशीत. मुलगी कामाची, बोलायला गोड, सातवी पास, पण पत्रिका दाखवली की पाहुणे पोहे संपवून उठायचे ते परत यायचे नाहीत. मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा लागतो, आणि असे मुलगे काही बोर्ड लावून बसत नाहीत. काकांनी तर घरात तो शब्दच बंद केला होता. वारसुद्धा ते सोमवारनंतरचा म्हणायचे. आणि आता दिवसभर खिडकीत हात घालून लोक त्यांना म्हणणार होते, "मंगळाची दोन द्या."

"बापूशेठ, नाव बदला," काका एकदाच म्हणाले.

"काय ठेवू? शनीचा माणूस?" बापूशेठ म्हणाले.

काका खिडकीत जाऊन बसले.

*

पहिल्याच दिवशी लोकांचं मत पडलं की आधी पहिला भाग दाखवा. त्यात सगळ्यात पुढे हसनमियां. त्यांच्या टांग्यावर बोर्ड लावून आणि मला भोंगा देऊन आमची जाहिरात फिरायची, त्यामुळे ते स्वतःला कंपनीचेच समजायचे.

"पयला भाग कुटं हाय?" ते विचारायचे.

"पहिला मुंबईला होऊन गेला," बापूशेठ सांगायचे.

"मंग आमी काय उरलंसुरलं बघायचं काय?"

यावर बापूशेठनी तोडगा काढला. सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी माइकवरून पहिल्या भागाची गोष्ट सांगायची. मी तो भाग पाहिलेला नव्हता, पण तोडग्यात ती अट नव्हती. मी रोज सांगायला लागलो. मंगळावरचं घर, म्हातारी आई, भावाभावांतली वाटणी, मग याने रागाने विमान काढलं. बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

चौथ्या दिवशी आमचे पोस्टमास्तर मला थांबवून उभे राहिले.

"काल याची आई जिवंत होती," ते म्हणाले. "आज तुम्ही ती लहानपणीच गेली म्हणून सांगताय. नक्की काय ते ठरवा. घरी मंडळी विचारतात."

मी आईला परत जिवंत केलं. पोस्टमास्तर खाली बसले.

*

भागीरथीबाई कोळीण आमची जुनी गिऱ्हाईक. मासळी विकून झाली की टोपली तंबूच्या बाहेर ठेवून आत यायची. टोपली आत आणायची नाही असा नियम होता, पण वास तिच्याबरोबर यायचा. तिच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असायची, म्हणून ती ऐसपैस बसायची.

सिनेमात तो मंगळवाला समुद्राकाठी लपतो. खायला काही नाही, डबीतल्या गोळ्या संपत आलेल्या, डोळे खोल गेलेले. मी माइकवर आवाज कापरा करून सांगत होतो, "अन्नाचा कण नाही. आता हा जगणार तरी कसा?"

अंधारातून भागीरथीबाई म्हणाली, "मेल्याच्या पाठीमागं येवडा दर्या हाय, तो काय शोभेला ठेवलाय?"

तंबू हसला. मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "बाई, मंगळावर मासे नसतात."

"मंग मंगळावर राहातात कशाला?" ती म्हणाली.

पुढच्या खेळाला ती आली नाही. ज्याला समोरची मासळी दिसत नाही त्याचं पुढे काही होणार नाही, असं तिचं मत बाजारात दोन दिवस चाललं होतं.

*

सदूच्या हातून एकदा चौथ्याऐवजी पाचवं रीळ लागलं. पाचव्यात त्या मंगळवाल्याला गोळ्या लागतात, तो खाली पडतो, सगळं संपलं असं वाटतं. मग सदूने चौथं लावलं. त्यात तो धडधाकट, पळतोय, जीपवरून उडी मारतोय.

मी माइकवर होतो. सांगितलं, "मंगळावरची माणसं मेल्यावर जास्त जोरात पळतात."

टाळ्या पडल्या. खेळ सुटल्यावर तळा गावच्या गाडीला जाणारे दोघे बापूशेठकडे आले. बापूशेठ माफी मागायच्या तयारीतच होते.

"शेठ, रोज असंच दाखवा," त्यातला एक म्हणाला. "मरतो ते आधीच बघून झालं की बाकीचं सोडून उठता येतं. नायतर शेवटाच्या नादात आमची एस्टी चुकते."

*

गावातल्या भटजींनी सिनेमा शास्त्राच्या दृष्टीने पाहिला. कुसुमची पत्रिका मांडणारे हेच. हे समोरून आले की दत्तूकाका खिडकीत खाली वाकून काहीतरी शोधायला लागायचे.

भटजींचा आक्षेप रंगाला होता. "मंगळ लोहितवर्ण. तांबडा. तुमचा हा चुन्यात पडल्यासारखा पांढरा आहे. लोकांची दिशाभूल होते."

सिनेमाच काळापांढरा आहे हे सांगून पटेना. शेवटी सदूने आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद मशिनीच्या भिंगापुढे धरला. मंगळवाला तांबडा झाला. त्याच्या मागे लागलेले शिपाई तांबडे झाले. त्याला भाकर देणारी शेतकऱ्याची पोर तांबडी झाली, तिची गायसुद्धा.

"आता बरोबर," भटजी म्हणाले.

त्या दिवशी कुसुम बायकांच्या बाजूला बसली होती. काकांचा डबा द्यायला यायची तेव्हा थोडा सिनेमा बघून जायची. बाहेर आली तेव्हा मी सवयीने विचारलं, "कसा वाटला?"

तिने जरा विचार केला. "त्याला स्वतःला कुठं माहीत असेल तो मंगळाचा म्हणून," ती म्हणाली. "तो आपला भूक लागली म्हणून आला."

काका खिडकीत होते. त्यांनी ऐकलं. तिकिटांचा गठ्ठा उगाच टेबलावर आपटून सरळ केला. मला फार वाईट वाटलं, पण पुढच्या खेळाची घंटा झाली होती.

*

त्याच आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी हसनमियांच्या टांग्यातून मी गावभर ओरडत होतो. तोच तोचपणा नको म्हणून रोज मजकूर बदलायचो. त्या दिवशीचा असा होता: "मंगळाचा माणूस आलाय हो! एकटा जीव! चांगला गुणाचा, पण कुणी जवळ करीना! या, डोळ्यांनी बघा! तंबूत चौकशी करा!"

एस्टी स्टँडवर तळ्याकडची गाडी लागलेली होती. आम्ही तिला वळसा घालून परत तंबूपाशी आलो, तर खिडकीसमोर एक बाई उभ्या. नऊवारी नेसलेल्या, बरोबर भाऊ. भावाच्या हातात नुकताच घेतलेला नारळ. बाईंचं नाव येसाबाई, हे नंतर कळलं.

"मंगळाचं मानूस हितंच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो," काका मान वर न करता म्हणाले. "किती?"

"किती म्हंजे? येकच हाय ना?"

"तिकिटं किती?"

बाईंनी भावाकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "बघायला तिकीट लागतंय व्हय तुमच्यात? आमच्यात नारळ नेत्यात."

काकांनी मान वर केली. नारळ बघितला. बाईंच्या कपाळाचं ठसठशीत कुंकू बघितलं.

"कुणासाठी आलाय तुमी?" त्यांनी विचारलं. काका मूळचे तळ्याच्याच बाजूचे, पण खिडकीत ते कधी गावचं बोलायचे नाहीत.

"माज्या पोरासाठी. मुंबईत गिरनीत हाय. पोरगा सोन्यासारखा, पन मंगळ हाय. चार ठिकानी न्हाय म्हनले. आज भाच्याकडं आलेलो, तर हितं मंगळाचं मानूस हाय म्हनून कळलं. पोरगी हाय ना? का पोरगा हाय?"

रांगेतले लोक हसायच्या बेतात होते. मी टांग्यातून उतरून ही सिनेमाची जाहिरात आहे असं सांगायला निघालो. हसनमियांनी माझा सदरा मागून धरला.

काकांनी तिकिटांचा गठ्ठा खणात ठेवला. मग त्यांनी खिडकीची फळी खाली ओढली आणि मागच्या बाजूने बाहेर आले.

"पोरगी हाय," ते म्हणाले. "माजीच हाय. घरी हाय, चला."

दोन पावलं गेल्यावर थांबले. "पन तुमाला कुनी सांगितलं?"

येसाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तो काय, टांग्यातनं गावभर वरडत फिरतोय की."

काकांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरलेलो नाही. त्या दिवशीचा खेळ बापूशेठनी फुकट दाखवला, कारण खिडकी उघडायची कुणाची हिंमत झाली नाही.

*

कुसुमचं लग्न वैशाखात, आमच्याच मैदानात झालं. बापूशेठनी तंबूचं कापड मांडवाला दिलं. भटजी मांडवाच्या दाराशी उभे होते आणि दोन्ही पत्रिका कशा उत्तम जुळल्या ते सगळ्यांना सांगत होते. भागीरथीबाई टोपली न घेता आली होती, आणि आज तिच्या शेजारीही माणसं बसली होती. पोस्टमास्तर सहकुटुंब आले होते.

वरात हसनमियांच्या टांग्यातून आली. घोड्याला झुली, चाकांना झेंडूच्या माळा, टांग्यात मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. हसनमियांनी सकाळपासून टांगा धुऊन पुसून सजवला होता. एक गोष्ट मात्र सोडायची राहिली. टांग्याच्या मागच्या बाजूला आमचा कापडी बोर्ड तसाच होता, नवरदेवाच्या बरोबर डोक्यावर.

मांडवात आधी एकाने बघितला, मग दुसऱ्याने. सगळ्यांच्या माना बोर्डाकडे वळल्या. बापूशेठ मला डोळ्यांनी खुणावत होते, पण टांग्याच्या मागे जाऊन बोर्ड सोडेपर्यंत उशीर झाला असता.

येसाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या टांग्यातून खाली उतरल्या, लोकांची तोंडं बघितली, बोर्ड बघितला.

"काय लिवलंय वो, व्याही?" त्यांनी विचारलं.

काका पुढे झाले. मी त्यांना कधी मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं वाचलं, "मंगळाचा माणूस. भाग दुसरा."

"आन् पयला भाग?" येसाबाईंनी विचारलं.

"पयला आत हाय," काका म्हणाले. "साडी नेसतोय."