प्लायवूड पायाने धरणारे जिभाऊ

फोन आला तेव्हा मी तळोद्याला एका अंगणवाडीच्या ओट्यावर बसून लाकडी प्राणी मोजत होते. हत्ती बारा, मोर बारा, कासवं अकरा. बारावं कासव शोधायला पिशवी उलटी करत होते, तेवढ्यात जिभाऊंची मुलगी फोनवर म्हणाली, "आत्या, बाबा गेले." मला रडू आलं नाही, भीती वाटली. माझा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर पायाबद्दल काही बोलले का?" ती म्हणाली, "पायातूनच विष अंगात पसरलं म्हणाले. पण पायाला झालं काय, ते कोणालाच माहीत नाही." मला माहीत होतं... मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवला.

जिभाऊ रनाळ्याचे सुतार, माझ्या माहेरच्या गल्लीतले. नात्याने आमचे कोणी नव्हते, पण त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते आणि त्यांची मुलगी मला आत्या. नंदुरबारला घरी बसून मी लहान मुलांसाठी पातळ प्लायवूडची चित्रं तयार करते. प्राणी, अक्षरं, तुकडे जोडून करायचे नकाशे. आकार काढायचे मी, कापायचे ते. जिभाऊंनी टेबलाजवळ उभं राहून कधी काम केलं नाही. जमिनीवर गोणपाट टाकून बसत, समोर एक लाकडी ठोकळा, त्यावर प्लाय. ते एका टाचेने दाबायचं आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात त्याची कड चिमटीत धरावी तशी धरायची. हातात मागे ओढत कापायची जुनी करवत. त्यांचे वडीलही असेच बसत. मी एकदा लाकूड आवळून धरायचे शिकंजे आणून दिले तर पायाची बोटं हलवत म्हणाले, "देवनी दहा शिकंजा फुकट दिधात, तू इकत काय लयनी?"

गेल्या वर्षी काम वाढलं आणि त्या करवतीने अडचण केली. चार मिलिमीटरच्या प्लायला तिचे दात मोठे पडत. कड झडायची, कुसळं निघायची, आणि लहान मुलांच्या बोटांत कुसळ जाणं मला चालणार नव्हतं. मी वहीत चार रकाने पाडले: बारीक दातांची हातकरवत, कमानीची करवत, गोल पात्याचं मशीन, उभं पातं खालीवर चालणारं जिगसॉ मशीन. एका दुपारी आम्ही एकाच प्लायवर चारही चालवून पाहिल्या. हातकरवत सरळ रेषेला उत्तम, पण मोराच्या मानेला वळेना. गोल पातं फिरताना पाहून मी तो रकाना लगेच खोडला. उरल्या दोन. कमानीच्या करवतीची कड सगळ्यांत सुंदर होती, मात्र एका मोराला पाऊण तास लागला. बारीक दातांचं पातं लावलेल्या जिगसॉने तोच मोर सहा मिनिटांत निघाला. रेषेवर कागदी टेप चिकटवली आणि प्लायची चांगली बाजू खाली ठेवली की कडही बरी येत होती.

जिभाऊ कमानीची करवत हातात घेऊन बसले होते. "हाई बरी शे. हाई माले इचारीसन चालस," म्हणाले.

"जिभाऊ, यादी बघा. महिनाअखेर सगळे प्राणी द्यायचे आहेत."

"तुन्ही यादी म्हनजे काय देवनी चिठ्ठी शे का?" ते हसले. मीही हसले, आणि जिगसॉपुढे बरोबरची खूण केली. ती खूण अजून वहीत आहे. ते पान मी उघडत नाही.

वहीत एक रकाना राहिलाच. जिगसॉचं पातं प्लायच्या खालीही बोटभर बाहेर येतं आणि वरून ते दिसत नाही. पायाच्या बोटांनी प्लाय धरणाऱ्या माणसाच्या हाती मी हे देत आहे, याचा रकाना मी पाडला नाही. पहिल्याच दिवशी मशीन सुरू झालं आणि त्यांची बोटं सवयीने कडेखाली गेली. मी ओरडले, "जिभाऊ, पाय काढा!" त्यांनी काढला, शिकंजे लावले. पुढे मी गेले की शिकंजे लागलेले असत. मी नसताना काय होतं, ते मी विचारलं नाही. दर वेळी त्यांच्या दारात शिरताना मात्र आधी मशीनचा आवाज ऐकायचा आणि मगच श्वास सोडायचा, ही सवय मला लागली होती.

त्या दिवशी आवाज नीट चालू होता. मी आत गेले तर ते कासवाची पाठ वळवत होते, आणि ठोकळ्यावरून लाल ओघळ गोणपाटात जिरत होता. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी मशीन थांबवलं, खाली पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हाई रगत कोन्हं शे?"

पायाचा अंगठा खालून कापला होता आणि त्यांना कळलं नव्हतं. साखरेच्या आजाराने पाय बधिर झाला होता, कधीपासून ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी जखम धुतली, पट्टी बांधली, दवाखान्यात चला म्हणाले. "काय दुखी नही ऱ्हायनं," म्हणाले. "आनि तुन्हा वहिनीले सांगू नको. ती माले साखरन्या गोयासंगे कोंडी ठेवी." मी शब्द दिला. दहा दिवस रोज फोन केला, रोज "बरं शे" ऐकलं आणि रोज वहीत 'पाय ठीक' लिहिलं. अकराव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. पुढचे दिवस दवाखान्यातले...

दिवसकार्याला मी भांडी मोजली, पंगती वाढल्या, आलेल्यांची नावं लिहिली. वहिनी जवळ आली की काहीतरी आणायला उठत होते. ती विचारेल याची भीती होती. तिने नाही विचारलं तर हे जन्मभर पोटात राहील, याची त्याहून जास्त.

गेल्या रविवारी वहिनीकडे गेले आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. मशीन मी निवडलं, जखम मी पाहिली, गप्प मी बसले.

"कितला दिन?" वहिनीने विचारलं.

"दहा."

तिने दाराची कडी धरली. मला वाटलं, आता हे दार बंद होणार. मग म्हणाली, "त्या दहा दिन पाय दाबाले एकच पाय पुढे करेत. दुसरावर चादर. मन्हा मनमा उनं, पन मी बी इचारं नही."

मग ती मला जिभाऊंच्या कामाच्या खोलीत घेऊन गेली, गोणपाटावर बसली, लुगडं घोट्यापर्यंत सावरलं आणि दोन्ही पाय माझ्यापुढे केले. "देख. माले बी साखर शे. आते कोन देखी?"

मी चष्मा लावला. तळव्यांना भेगा होत्या, त्यात भुसा भरला होता. डाव्या पायाच्या करंगळीपासून सुरुवात केली. बोट वेगळं करायचं, मध्ये पाहायचं, हलकंच दाबायचं आणि विचारायचं, "लागतं?"

"लागस," वहिनी म्हणाली. मी पुढचं बोट धरलं.