दोघींची आगोट

माझी नोकरी आईला कधी नीट कळली नाही, आणि ती समजावून सांगण्याइतका धीर माझ्यातही नव्हता. पुढच्या काही दशकांत राज्याला वीज कुठून मिळेल, याचं गणित मी अंधेरीच्या एका ऑफिसात बसून मांडते. इतक्या वर्षांचा प्रत्येक दिवस कंप्युटरला दिला तर तो गुदमरतो. म्हणून वर्षातले मोजकेच दिवस निवडायचे. एक रणरणत्या उन्हाचा, एक मुसळधार पावसाचा, एक थंडीतला, एखादा सणाचा. त्यातला एकेक दिवस त्याच्यासारख्या बाकी सगळ्यांच्या वतीने उभा राहतो. हे मी एकदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आणि बाकीचे दिस खंय गेले? उंदरांनी खाल्ले?"

ती मूळची मालवणकडची. लग्न होऊन बोरीवलीत आली, इथेच म्हातारी झाली, पण तिची बोली सुटली नाही आणि आगोटही सुटली नाही. कोकणात पावसाळ्यात घराबाहेर पडायची सोय नसायची, म्हणून वैशाखातच मसाला, आमसुलं, सुके सोडे भरून ठेवायचे. त्या बेगमीला आगोट म्हणतात. बोरीवलीत भर पावसातही खालच्या दुकानात सगळं मिळतं, हे मी तिला दर वर्षी ऐकवायचे आणि ती दर वर्षी मिरच्यांचं गाठोडं घेऊन गच्चीवर जायची. सोसायटीने गच्चीत सोलर पॅनल बसवले तेव्हा "मेल्यांनी सगळा ऊन अडवल्यानी" म्हणत ती सेक्रेटरीशी भांडली आणि एक कोपरा मिळवूनच खाली आली. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच होतो. ती मसाला करायची तो दोघींना वर्षभर पुरेल एवढा, ना कमी ना जास्त.

एका चैत्रात तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. "पावसाळ्यापर्यंत काढतील," ते म्हणाले. "पुढचं मला विचारू नका." मी बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या आईला सांगितलं, अल्सर आहे, गोळ्यांनी बरा होईल. आमच्याकडे आजारी माणसाला असलं सांगत नाहीत. ऐकूनच माणूस खचतं म्हणतात. ती खचली असती की नाही कोण जाणे, मी मात्र तिच्यासमोर ते शब्द उच्चारूच शकले नसते.

त्याच दिवसांत ऑफिसात आमचं मॉडेल, म्हणजे कंप्युटरमधलं ते विजेचं गणित, हट्टाला पेटलं होतं. पावसात भरलेलं धरणाचं पाणी वीज करायला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं असतं, हे त्याला काही केल्या कळेना. चूक आमचीच होती. निवडलेले दिवस आम्ही सुटे सुटे ठेवले होते आणि नियम घातला होता की सकाळी जेवढा साठा असेल तेवढाच रात्री परत असायला हवा. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, याला उद्याच नाहीये ना! मग हा साठवेल कशाला?" बाकीचे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आमच्या घरात दुसरं काय चाललं होतं? सकाळी उठायचं, गोळ्या, पेज, टीव्ही, आणि रात्री दिवस बंद. गणपतीला गावी जायचं का, हा विषय आम्हा दोघींपैकी कुणीच काढत नव्हतं. जेवढं बोललेलं नसायचं तेवढंच दुसऱ्या दिवशी उरायचं.

मॉडेल आम्ही सुधारलं. सगळे दिवस पंचांगाच्या क्रमाने पुन्हा एकमेकांना जोडले, आणि ते शहाण्यासारखं पाणी राखायला लागलं.

वैशाखात आईला जिना चढवेना. मीच मिरच्या गच्चीवर वाळवल्या आणि खाली आणून तिच्या पलंगाशी पसरल्या. ती देठं काढत होती. बोटं सुकलेली, पण काम तेवढंच चटचट. मी मिरच्या मोजायला घेतल्या तशी ती म्हणाली, "ह्या वर्सा मसालो अर्धोच कर."

"का?"

"एकटीक कितीसो लागता तुका?"

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. "काहीतरीच बोलू नकोस," मी ओरडलेच तिच्यावर. "अल्सरने कुणी मरतं का?"

"नाय मरणत," ती म्हणाली. मान वर न करता तिने आणखी एका मिरचीचा देठ काढला. मग माझ्याकडे बघून, लहानपणी माझा हट्ट पुरवायची त्याच आवाजात म्हणाली, "बरा. दोघींचो कर."

मी दोघींचा केला. कांडून आणल्यावर तिने चिमूटभर हातावर घेऊन वास घेतला, जिभेला लावून पाहिला, मीठ जरा कमी आहे म्हणाली, आणि बरणीला फडकं बांधून घेतलं. त्या दिवसापासून अल्सरचं नाटक मी तिच्यासाठी करत नव्हते, ती माझ्यासाठी करत होती. गोळी घेताना "आता बरा वाटता" असंही म्हणायची. आषाढात ती गेली.

तेरावं झाल्यावर पहिल्यांदा मी ती बरणी उघडली. मग वर्षभर त्यातलाच मसाला वापरला. आमटीत, उसळीत, रविवारच्या माशात, कुठेही हात आखडता घेतला नाही. काल बरणी उतरवली. ती बरोबर अर्धी भरलेली आहे.

बाजारात मिरच्या आल्यात. खालची शेजारीण विचारून गेली, यंदा मसाला करायचा ना, गच्चीवर जागा धरू का? मी नको म्हटलं. आईच्या वाट्याचा आहे, तो मला वर्षभर पुरेल.